काडतुसांची वही

१

वही रविवारी सकाळी नाहीशी झाली, आणि सोमवारी दुपारपासून भार्गवीच्या डोक्यावर कोणीतरी ठोकायला लागलं.

डोक्यावर म्हणजे छतावर. परदेशात, क्लेमेंटी भागातल्या त्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर टॅन आंटीच्या घरातली एक खोली भाड्याने घेऊन भार्गवी राहायची. बरोबर वरच्या घरात निमिष, त्याची बायको कस्तुरी, सात महिन्यांची श्रिया आणि दीड महिन्यापूर्वी कोकणातून आलेली निमिषची आई, विमलमावशी. वरून गोट्या पडल्यासारखा आवाज इथल्या प्रत्येक ब्लॉकमध्ये येतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण हा आवाज वेगळा होता. टक्. थोडं थांबून टक्, टक्. मग शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"सेव्हन्थ मंथ लाह," टॅन आंटी छताकडे न बघता म्हणाली. "यू हिअर, यू डोन्ट आन्सर."

चिनी लोकांचा भुतांचा महिना चालू होता. खाली लोखंडी पिंपांत कागदी नोटा जळत होत्या आणि त्यांच्या राखेचे कपटे खिडकीच्या गजांवर येऊन बसत होते. भार्गवीचा भुतांवर विश्वास नव्हता. ती विद्यापीठात भुकटीवर संशोधन करायची. औषधाच्या गोळ्या दाबण्याआधीची भुकटी कशी वाहते, कशी साचते, तिचा ढीग किती उंच होतो, हे मोजण्यात तिची सहा वर्षं गेली होती, आणि अशा माणसाला भुतं भेटायला येत नाहीत असं ती स्वतःच सांगायची. तरी बुधवारी दुपारी आवाज सुरू झाल्यावर तिने पंखा पाचावर नेला. तो आवाज मोजूनमापून येत होता, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी निमिष खाली आला. तोही तिच्याच विद्यापीठात होता, पोस्टडॉक, शांत माणूस. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

"हसू नकोस," तो म्हणाला. "दुपारी वरून आवाज येतो का तुला?"

"येतो की. मला वाटलं, मावशी दाणे कुटतात."

"आई म्हणते ती झोपलेली असते. काल मी लवकर घरी आलो, तर लिफ्टमधून बाहेर पडतानाच ऐकू आला. दार उघडलं तेव्हा सगळं शांत होतं. आई डोळे मिटून पडली होती." त्याने आवाज खाली आणला. "भार्गवी, तो आवाज मला माहीत आहे. काडतूस भरताना माझे अप्पा लाकडी दांडीने बूच दाबायचे. आधी एकदा, मग दोनदा. अप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली."

२

ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, दगडी टेबलापाशी बसून निमिषने जे सांगितलं ते त्याने बायकोलाही धड सांगितलेलं नव्हतं.

देवरुखजवळ त्यांची भातशेती. भात पिकायला आलं की रानडुकरं यायची, म्हणून अप्पांकडे शेतीसंरक्षणाचं लायसन आणि बाराबोर बंदूक. पितळी काडतुसं ते घरीच भरायचे. रिकाम्या काडतुसाला नवी टोपी, मग मापाने बंदुकीची दारू, वर बूच, मग छर्रे. निमिष बावीस वर्षांचा झाला तेव्हा अप्पांनी त्यालाही शिकवायला घेतलं. हातात सामान देण्याआधी त्यांनी वही दिली.

"पहिलं पान मला तोंडपाठ आहे," निमिष म्हणाला आणि खरोखरच शाळेतल्या मुलासारखा म्हणू लागला. "'नव्याने भरायला बसणाऱ्यासाठी. लायसन नसेल तर हात लावू नये. दिवा, काडी, विडी खोलीबाहेर. टेबलावर एका वेळी एकच दारू. माप पट्टीने सपाट कापावे, शीग नको. भरताना कोणी हाक मारली तर हातातले काडतूस ओतून पुन्हा पहिल्यापासून. कोणी किती भरली ते त्याच दिवशी लिहावे.'"

"अप्पा शिस्तीचे दिसतात."

"वहीत शिस्तीचे. एरवी नव्हते." तो जरासा हसला. "त्या दिवशी सोळा भरायची होती. अप्पा शेतावर गेले होते आणि मी पहिल्यांदाच एकटा बसलो होतो. मध्येच आईने चहाला हाक मारली आणि मी ओ दिली. परत बसलो तेव्हा हातातल्या काडतुसात दारू घातली होती की नव्हती तेच आठवेना. ओतून बघायला हवं होतं. आळस केला आणि अंदाजाने पुढे गेलो. बारा झाली तेवढ्यात बसची वेळ झाली. चार रिकामी टेबलावर तशीच ठेवून रत्नागिरीला पळालो, दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. पहाटे फोन आला. बंदूक अप्पांच्या तोंडाशी फुटली होती."

पुढचं तो भराभर बोलला. फौजदार म्हणाला, काडतुसात दारू जास्त पडली होती. कोणी भरलं, असं त्याने विचारलं. निमिष म्हणाला, मी. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. त्याच्या डोक्यात मात्र एक काडतूस अकरा वर्षं तसंच भरून राहिलं होतं. त्याची खात्री होती की त्याने त्यात दोनदा दारू घातली.

भार्गवीला एकदम काही गोष्टी आठवल्या. श्रिया रडली की निमिषचे हात नेमके ओले असायचे. कधी त्याला सर्दी असायची, कधी फोन यायचा. सात महिन्यांत त्याने मुलीला उचललेलं तिने पाहिलं नव्हतं.

"या रविवारी श्रियाचं उष्टावण आहे," तो म्हणाला. "बापाने मांडीवर घेऊन बसायचं. माझे हात पुढे होत नाहीत गं. म्हणून मी उद्धवमामाला सांगून गावाहून वही मागवली. त्या दिवशी अप्पांनी काही लिहिलं असलं तर मला वाचायचंय. शनिवारी मामा पिशवी घेऊन आला. त्यात वही, पितळी माप, दांडी. पहिलं पान वाचलं आणि पुढे वाचायचा धीर झाला नाही. पिशवी दिवाणखान्यातल्या फळीवर ठेवली. सकाळी नव्हती. त्या रात्री घरात आम्ही तिघं, मामा आणि बाळ, एवढेच होतो. सगळे म्हणतात, आम्ही नाही घेतली. ती वही बघितल्याशिवाय मी श्रियाला हात लावणार नाही."

"आणि आवाज तुला अप्पांचा वाटतो."

"अप्पाच घेऊन गेले असतील," निमिष म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

फळी बघायला म्हणून भार्गवी त्याच्याबरोबर वर गेली. फळीवर बघण्यासारखं काही नव्हतं. विमलमावशींनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. उंच, वाळकी बाई, तोंडात शब्द कमी. त्यांनी तांदळाचा डबा उघडला. डबा काठोकाठ भरलेला. प्लॅस्टिकच्या मापाने तांदूळ काढून त्यांनी सुरीच्या पाठीने वरची शीग कापली आणि मगच माप पातेल्यात ओतलं. दुसऱ्या मापालाही तेच केलं. भार्गवीला गंमत वाटली. सांगलीला तिची आई घरच्या तांदळाचं माप कापू द्यायची नाही, कापलं की म्हणायची, घरात काय दुष्काळ पडलाय?

जेवण होईपर्यंत ती ते विसरूनही गेली.

३

उद्धवमामा म्हणजे विमलमावशींचा धाकटा भाऊ. चांगी बिझनेस पार्कमध्ये आयटी मॅनेजर, गळ्यात पास, पोटाला थोडी सुटी दिलेली. शुक्रवारी जेवणाच्या सुटीत त्याने भार्गवीला फूडकोर्टात बसवलं आणि तिने विचारायच्या आतच सांगून टाकलं.

"मी नाही घेतली. पण खरं सांगू? कोणीतरी नेली हे बरंच झालं असं वाटलं मला."

"का?"

मामाने काटा खाली ठेवला. त्याच्या प्लेटमधला भात तसाच होता.

"कारण ती दारू मी आणली होती. दाजी आयुष्यभर काळी दारू वापरायचे. धूर भरपूर, ताकद बेताची. मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी ती सोसून घ्यायची. मी शहरात राहणारा शहाणा! दाजींबरोबर रत्नागिरीच्या दुकानात गेलो, त्यांच्या लायसनवर बिनधुराची घ्यायला लावली. तिची ताकद कितीतरी जास्त, म्हणून तिचं नवं छोटं मापही घेतलं. दुकानदाराने बजावलं होतं, हिला चूक चालत नाही. मी दाजींना सांगितलं, निमिषला सांगितलं, आणि मोकळा झालो." त्याने प्लेट बाजूला सारली. "महिन्याभरात दाजी गेले. तो पोरगा म्हणतो, माझ्या हातून गेले. मला वाटतं, माझ्या. एकमेकांना आम्ही कधी बोललो नाही."

"मावशींना सांगितलं होतं, नवी दारू आणलीय म्हणून?"

"ताईला? तिचा काय संबंध?" मामाने आश्चर्याने वर बघितलं. "ती स्वयंपाकघरात."

भार्गवीने चहाचा घोट घेतला. "पंचनाम्याला कोण होतं?"

"मीच. ती सकाळ जन्मात विसरणार नाही. घरात डब्यात बारा काडतुसं भरलेली होती. दाजींच्या खिशात तीन. आणि ते एक." त्याने डोळे पुसले आणि पुसल्याचं लपवलं नाही. "तू ती वही शोधू नकोस, पोरी. त्यात माझं नाव असणार. बिनधुराची, उद्धवने आणली, असं दाजींनी लिहिलेलं असणार."

परतीच्या एमआरटीत भार्गवी बोटांवर काहीतरी मोजत बसली. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच आलं, आणि त्या नादात तिचं उतरायचं स्टेशन मागे गेलं.

४

कस्तुरी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. त्याच संध्याकाळी ती भार्गवीला भेटायला आली तीच चिडून.

"मीच फेकली असं निमिषला वाटतंय ना? मग ऐक. फेकणार होते. काडतुसं कशी भरायची याची वही, तीही या देशात, कामाच्या पासवर राहणाऱ्यांच्या घरात! इथे रिकामं काडतूस सापडलं तरी माणसाचं काय होईल सांगता येत नाही. शनिवारी सगळे झोपले तेव्हा मी पिशवी घेऊन किचनमधल्या कचरा टाकायच्या रबिश शूटपाशी गेले. झाकण उघडलं. आठ मजले खाली गेली असती आणि विषय संपला असता."

"मग?"

"मग नाही टाकता आली." तिचा राग एकदम विरघळला. "माझा नवरा माझ्या मुलीला उचलत नाही, भार्गवी. का ते मला सांगत नाही. ते त्या वहीत आहे हे मला कळत होतं. टाकली असती तर ते कायमचं गेलं असतं. पिशवी परत फळीवर ठेवली आणि वळले, तर मागे आई उभ्या. नुसत्या पिशवीकडे बघत होत्या."

भार्गवीने सहज विचारावं तसं विचारलं, "घरात दुसरं काही विचित्र?"

"विचित्र म्हणजे काय, माझं डोकं! श्रियाची दूध पावडर मोजायचा छोटा वजनकाटा आहे ना, त्यावर रोज संध्याकाळी रवा सांडलेला असतो. घरात रव्याचा पदार्थ एक नाही. आईंना विचारलं तर म्हणतात, लक्षात नाही. आणि उद्या मला तांदूळ आणायला लिटल इंडियात जायचंय. आमची पिशवी मागच्याच आठवड्यात संपली, डब्याच्या तळाला चार दिवसांचे उरले होते."

"तळाला?" भार्गवी म्हणाली.

"हो. का गं?"

"काही नाही. उद्या दुपारी बाजारात जाशील तेव्हा निमिषला बरोबर ने आणि तुमच्या घराची किल्ली मला दे."

५

शनिवारी दुपारी अडीच वाजता टक् झालं.

भार्गवी जिन्याने वर गेली. किल्ली कुलपात घालून तिने दोनदा परत काढली. याचा तिला राग आला, कारण आत कोण आहे हे तिला चांगलं माहीत होतं. तरी दार ढकलेपर्यंत तिच्या मनात अप्पाच होते. कधी न पाहिलेले अप्पा, टेबलाशी वाकून बसलेले, तोंड नसलेले.

स्वयंपाकघराच्या ओट्याशी विमलमावशी उभ्या होत्या. समोर वजनकाटा, ताटलीत रवा, एक रिकामी वाटी. एका हातात पितळी माप, दुसऱ्यात लाकडी दांडी. त्यांनी माप रव्यात बुडवून वर काढलं, शिगेसकट. ते वाटीत ओतलं आणि दांडीने वाटीत दाबलं. टक्. मग टक्, टक्. वाटी काट्यावर ठेवली. आकडा वाचून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मावशी," भार्गवी हळूच म्हणाली.

त्या दचकल्या नाहीत. कधीतरी कोणीतरी येणार हे खूप दिवसांपासून ठाऊक असल्यासारख्या वळल्या.

"किती जास्त भरतं?" भार्गवीने विचारलं.

"तिसरा हिस्सा. कधी त्याहून थोडं जास्त," मावशी म्हणाल्या. "सहा दिवस बघतेय. एकदा तरी कमी येईल असं वाटत होतं."

"नाही येणार. या मापाचं तोंड रुंद आहे आणि खोली कमी. अशा मापावर शीग मोठी चढते." एवढं बोलून भार्गवीला स्वतःच्या शहाणपणाची लाज वाटली. ती पुढे झाली आणि त्यांच्या हातातलं माप तिने अलगद काढून घेतलं. "वही तांदळात आहे ना? पिशवी संपली म्हणून कस्तुरी तांदूळ आणायला गेलीय आणि डबा मात्र काठोकाठ भरलेला आहे."

मावशींनी मान हलवली.

"मला कसं कळलं, ते नाही विचारलंत," भार्गवी म्हणाली.

"कशाला विचारू?"

"तरी सांगते, कारण हे मला निमिषलाही सांगावं लागेल. तो बारा भरून गेला आणि चार रिकामी ठेवून गेला. सकाळी डब्यात बारा होती, खिशात तीन आणि फुटलेलं एक. म्हणजे राहिलेली चार त्या संध्याकाळी कोणीतरी भरली. अप्पा शेतावर, मामा गावात नव्हता. आणि परवा तुम्ही तांदळाचं माप सुरीने कापलंत. कोकणातली बाई घरच्या तांदळाची शीग कापते, हे काही मला पचलं नाही."

विमलमावशी खाली बसल्या, तिथेच, फरशीवर. भार्गवीही बसली. आतल्या खोलीत श्रिया झोपेत कुरकुरली आणि पुन्हा शांत झाली.

"यांनी मला काळी दारू भरताना कितीदा बघितलं होतं," मावशी म्हणाल्या. "गर्दीच्या दिवसांत मी हात लावायची. शीग असायचीच, हे काही म्हणायचे नाहीत. त्या दिवशी पोरगा चार ठेवून पळाला. मी म्हटलं, हे दमून येतील, रात्री डुकरं येतील, चार भरून ठेवावीत. नवी दारू आलीय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तपकिरीच्या डबीत होती, माप शेजारी. मी घरात माप भरायची तसं भरलं. तोवर कापलेलं माप मी आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं गं, भिकाऱ्यालासुद्धा नाही."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. फौजदाराने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत हा पुढे होऊन म्हणाला, मी भरली. मला वाटलं, बारा याची, चार माझी, कुठलं फुटलं ते देवाला ठाऊक. कधी वाटायचं माझंच, कधी वाटायचं नसेलही. नसेलही, याच्यावर मी अकरा वर्षं काढली. हा फोनवर हसायचा, शिकला, लग्न केलं. मला वाटलं, विसरला. इथे आले आणि बघितलं, पोरीला हात लावत नाही." त्यांनी दांडी बाजूला ठेवली. "गेल्या शनिवारी रात्री वहीचं शेवटचं पान वाचलं. मग नसेलही म्हणायची सोय राहिली नाही. तरी म्हटलं, भरून तर बघू. शिगेने खरंच एवढं होतं का ते बघू."

भार्गवीने डबा ओढला आणि तांदळात हात घातला. वरच्या थोड्याशा तांदळाखाली जुन्या लुगड्याचं जाड बोचकं होतं, आणि त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही. तिने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. शाई फिकट होती, अक्षर ठाम.

ती वाचत गेली, आणि शेवटच्या शब्दाशी आल्यावर तिने वही मिटून मावशींच्या मांडीवर ठेवली.

"हे मी नाही सांगणार," ती म्हणाली. "हे तुम्ही त्याला वाचून दाखवायचं. उद्याच्या आत."

"त्यानंतर तो माझं तोंड बघणार नाही."

"कदाचित नाही बघणार. पण मुलीचं बघेल."

६

रविवारी सकाळी सगळे दिवाणखान्यात होते. चौरंग मांडला होता, खीर थंड होत होती. कस्तुरीला सख्खा भाऊ नाही, म्हणून घास भरवायला उद्धवमामाच सोन्याची अंगठी घेऊन आला होता. श्रिया कस्तुरीच्या कडेवर. निमिष खिडकीशी, हात मागे बांधून.

विमलमावशी स्वयंपाकघरातून आल्या तेव्हा त्यांच्या हातात वही होती. पानांतून तांदळाचे दोन दाणे फरशीवर पडले.

"आई?" निमिष म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस. थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही मला." त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चार काडतुसं, नवी दारू, शीग. भार्गवीला ऐकवेना, पण ती जागची हलली नाही. मग मावशींनी पान उघडलं आणि नवऱ्याचं वाक्य नवऱ्याच्याच ठसक्यात वाचलं, तसंच वाचायची त्यांना सवय असावी.

"'निमिषने बारा भरली. उघडून दोन तपासली, माप चोख. पोरगा शिकला. ती डब्यात ठेवली. चार विमलने भरली, खिशात घेतली. एक उघडले, शीग आहे. पुन्हा दाबून ठेवले. चालेल.'"

खालच्या मजल्यावरून टॅन आंटीच्या टीव्हीचा आवाज तेवढा येत होता.

"परत वाच," निमिष म्हणाला.

मावशींनी परत वाचलं. या वेळी 'पोरगा शिकला'पाशी त्यांचा आवाज अडकला.

"अकरा वर्षं," निमिष म्हणाला. सुरुवातीला तो हळू बोलत होता, मग ओरडायला लागला. "अकरा वर्षं, आई! रोज रात्री मी ते काडतूस ओतून बघतो. एकदा तरी बोलायचंस! एकदा!"

"हो," मावशी म्हणाल्या.

"दारू मी आणली होती रे," उद्धवमामा कोपऱ्यातून पुटपुटला. "आणि ताईला सांगितलं नाही."

निमिष तडक बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. कस्तुरी त्याच्यामागे निघाली, पण भार्गवीने तिचा हात धरला. जाळीच्या दारातून त्याची पाठ दिसत होती. तो कठड्याला धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. खालून जळलेल्या कागदांचा वास येत होता. आदल्या रात्री भुतांचा महिना संपला होता आणि कोणीतरी पिंपं घासून धूत होतं.

बराच वेळ गेला. श्रिया कंटाळून रडायला लागली. कस्तुरीने तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, मामाने अंगठी वाजवून दाखवली, काही उपयोग नाही.

दार वाजलं. निमिष आत आला आणि कस्तुरीसमोर उभा राहिला. त्याचे हात कोरडे होते. त्याने ते पुढे केले, आणि श्रियाला काखेत धरून उचललं. फार सांभाळून, दोन्ही हातांनी. त्याला बाळ धरता येत नव्हतं, डोकं कोपराबाहेर जात होतं. कस्तुरीने तोंडावर पदर घेतला. श्रिया रडणं थांबवून त्याचा चष्मा ओढायला लागली.

"बापरे, जड आहे," तो म्हणाला, आणि मग तोही रडला.

चौरंगावर बसण्याआधी तो मुलीला घेऊन स्वयंपाकघरात गेला. विमलमावशी तिथे पळून आल्या होत्या, नैवेद्याच्या भाताचं निमित्त करून. डबा उघडा होता. त्यांनी माप भरलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात सुरीकडे गेला.

"आई," निमिष दारातून म्हणाला. त्याच्या आवाजात राग अजून होता, तो काही दिवस राहणार होता. "अप्पांनी उघडून बघितलं होतं. त्यांना दिसलं होतं."

"म्हणून तर," मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या. "माझं होतं म्हणून चालेल म्हणाले. दुसऱ्या कोणाचं असतं तर ओतलं असतं."

भार्गवी दिवाणखान्यातून ऐकत होती आणि वहीतला एक प्रश्न तरी सुटायचा राहिलाच, असं तिला वाटलं.

निमिषने श्रियाला एका हातावर तोललं. दुसऱ्या हाताने आईच्या हातातली सुरी काढून घेतली आणि ओट्यावर लांब सरकवली.

"तांदूळ आहेत ते," तो म्हणाला. "शीग राहू दे."

मावशींनी माप तसंच उचललं. चार दाणे ओट्यावर सांडले, बाकीचे पातेल्यात गेले.